अमेरिकन बिशपांची मतदार-पुस्तिका: तत्त्वं पक्की, मतपत्रिकेपाशी अपुरी

अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांची परिषद अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर मतदारांसाठी एक पुस्तिका पुढे ठेवते. परंपरा १९७६ पासूनची. सध्याचं नाव ‘फॉर्मिंग कॉन्शन्सेस फॉर फेथफुल सिटिझनशिप’. मजकूर २००७ मध्ये मंजूर झाला आणि २०१५ मध्ये बराच सुधारला गेला. त्यानंतर मूळ मजकूर तसाच ठेवून २०१९ आणि २०२३ मध्ये फक्त नवी प्रस्तावना जोडली. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये परिषदेच्या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येते. वसई-मुंबईहून जाऊन तिथले नागरिक झालेल्या आपल्या माणसांनाही नोव्हेंबरमध्ये हाच प्रश्न पडतो: गर्भपाताला पाठिंबा देणाऱ्या उमेदवाराला मत दिलं तर ते पाप का?

पुस्तिकेत या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते बहुतेकांनी ऐकलंय त्याहून काटेकोर आहे. ते ३४, ३५ आणि ३६ या तीन परिच्छेदांत आहे. हे तीन सलग वाचायचे. चर्चमध्ये आणि फोनवर फिरणाऱ्या बहुतेक पत्रकांत यातलं एखादंच वाक्य सुटं काढलेलं असतं, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

परिच्छेद ३४ म्हणतो की जे कृत्य मुळातच वाईट आहे, त्याला पुढे रेटणाऱ्या उमेदवाराला त्याच भूमिकेला बळ द्यावं म्हणून मत दिलं, तर मतदार त्या गंभीर दुष्कृत्यात मनाने सामील होतो. उदाहरणांत गर्भपात आणि दयामरण आहे, तसंच कामगारांना किंवा गरिबांना माणसाला न शोभणाऱ्या अवस्थेत जाणूनबुजून ठेवणं आणि वंशद्वेषी वागणूकही आहे. ही शेवटची दोन नावं पत्रकांत हमखास गळतात. याच परिच्छेदाचा दुसरा भागही तेवढाच महत्त्वाचा आहे: उमेदवार गर्भपाताच्या विरोधात आहे एवढ्यावर समाधान मानून जीवन आणि प्रतिष्ठेच्या बाकी प्रश्नांकडे काणाडोळा करायची मुभा मिळत नाही.

परिच्छेद ३५ मध्ये वाट आहे, पण ती अरुंद आहे. उमेदवाराची ती भूमिका मतदाराला अजिबात मान्य नाही, तरीही दुसऱ्या नैतिकदृष्ट्या गंभीर कारणांसाठी तो त्याला मत देऊ शकतो. कारण खरोखर गंभीर हवं. पक्षप्रेम किंवा स्वतःचा फायदा चालणार नाही. कार्डिनल रात्सिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी २००४ मध्ये अमेरिकन बिशपांना पाठवलेल्या टिपणात हाच फरक केला होता. उमेदवाराच्या गर्भपातविषयक भूमिकेमुळे मत दिलं तर तो थेट सहभाग. ती भूमिका नाकारून, इतर कारणांनी दिलं तर तो दूरचा सहभाग, आणि त्या तोलाची कारणं असतील तर तो चालू शकतो. परिच्छेद ३६ दोन्ही उमेदवारांची भूमिका सदोष असेल तेव्हासाठी आहे. अशा वेळी कोणालाच मत न देणं हे अपवादात्मक पाऊल उचलता येतं, किंवा नीट विचार करून कमी हानी करेल आणि बाकी हिताचं जास्त करेल अशा उमेदवाराला मत देता येतं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. मत दिल्यामुळे कोणी बहिष्कृत होत नाही. चर्चच्या कायद्यातली गर्भपाताबद्दलची ती शिक्षा, २०२१ च्या सुधारणेनंतर कॅनन १३९७ परिच्छेद २, प्रत्यक्ष गर्भपात घडवून आणणाऱ्यांसाठी आहे. आणि त्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. ज्या बाईच्या मनात हे ओझं आहे तिला कोणी पत्रक दाखवून घाबरवत असेल, तर ते अन्यायाचं आहे.

सदसद्विवेकबुद्धीवरचा भाग पुस्तिकेतला सर्वांत कसदार. ‘मला आतून असं वाटलं’ म्हणजे सदसद्विवेक नव्हे, हे ती आधीच स्पष्ट करते. तो घडवावा लागतो. पद्धतही दिली आहे: सत्य आणि चांगलं ते स्वीकारायची तयारी, मग बायबल आणि चर्चच्या शिकवणीचा अभ्यास, मग प्रत्यक्ष वस्तुस्थितीची तपासणी, मग प्रार्थनापूर्वक विचार. लोक पहिलं आणि शेवटचं करतात, तिसरं सोडतात. उमेदवाराचं मतदानाचं रेकॉर्ड न पाहता केलेली प्रार्थना अपुरीच राहते. धर्मशिकवणीच्या ग्रंथात कर भरणं आणि मतदान करणं ही नैतिक कर्तव्यं म्हणून सांगितली आहेत (परिच्छेद २२४०). म्हणजे ‘राजकारण घाणेरडं, मी घरीच बसतो’ ही पळवाट सहज मिळत नाही.

परिच्छेद २७ ते २९ दोन मोहांबद्दल आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांनी ते वाचावेत. पहिला मोह सगळे प्रश्न एकाच वजनाचे मानण्याचा. दुसरा, गर्भपाताचं वजन मोठं आहे एवढं धरून मृत्युदंड, वंशद्वेष, स्थलांतरित, भुकेले यांना बाजूला सारण्याचा. बिशपांमध्येही हा तोल कसा राखायचा यावर एकमत नाही. २०१९ च्या प्रस्तावनेत गर्भपाताविरोधाला ‘सर्वोच्च प्राधान्य’ म्हटलं गेलं. गरिबांचं जीवनही तितकंच पवित्र आहे हे सांगणारा पोप फ्रान्सिस यांचा उतारा पूर्ण घ्यावा, अशी दुरुस्ती पुढे आली. ती ६९ विरुद्ध १४३ मतांनी पडली. आमच्या मते तो उतारा पूर्ण यायला हवा होता. गर्भातल्या बाळाची बाजू त्याने जराही कमकुवत होत नाही.

आता उणिवा. पहिली आणि मोठी: ‘खरोखर गंभीर कारण’ मोजायचं कसं, हे पुस्तिका सांगत नाही. तेव्हा प्रत्येक पदासाठी हे स्वतः तपासा. या पदाच्या हातात काय आहे? अध्यक्ष सेनेटच्या संमतीने संघीय न्यायाधीश नेमतो. गर्भपात करणाऱ्या किंवा त्याचा पुरस्कार करणाऱ्या परदेशी संस्थांना मदत न देण्याचं १९८४ चं ‘मेक्सिको सिटी’ धोरण पक्ष बदलला की कधी लागू होतं, कधी रद्द होतं. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्याकडे हाइड दुरुस्ती असते. गर्भपातावर संघीय पैसा खर्च करण्यावर बंधन घालणारी ही तरतूद १९७६ पासून दरवर्षीच्या खर्च-विधेयकांत पुन्हा घालावी लागते, म्हणून त्याचं मत तिथे मोजलं जातं. शाळा मंडळाच्या उमेदवाराकडे यातलं काहीच नाही. तिथे गर्भपातावरून निकाल करणं म्हणजे त्या पदाचं खरं काम न तपासणं. मग पाहा, उमेदवार बोलतो ते होण्याची शक्यता किती, आणि दुसऱ्या पारड्यातलं नुकसान किती लोकांचं, किती खोल, परत न फिरणारं का. या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिली की ‘गंभीर कारण’ खरंच गंभीर आहे की आवडत्या पक्षासाठी शोधलेलं निमित्त आहे, ते डोळ्यांसमोर येतं.

दुसरी उणीव: मूळ मजकूर २०१५ चा आहे. २४ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ‘डॉब्स’ निकालाने गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा १९७३ चा ‘रो’ निकाल रद्द केला आणि कायद्याचं केंद्र बरंचसं राज्यांकडे गेलं. म्हणजे गव्हर्नर आणि राज्य विधिमंडळाचा उमेदवार आता पूर्वीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा. मूळ मजकुरात या बदलाचा मागमूस नाही. २०२३ ची प्रस्तावना आहे, पण ती आवाहनाच्या सुरात आहे. पायऱ्या सांगत नाही.

तिसरी उणीव सर्वांत अडचणीची. सगळी मांडणी उमेदवारांभोवती आहे, पण आता लोक थेट कायद्यावर मत देतात. २०२४ मध्ये दहा राज्यांत गर्भपाताचे प्रस्ताव मतपत्रिकेवर होते. फ्लोरिडात ६० टक्के लागत होते, सुमारे ५७ मिळाले आणि प्रस्ताव पडला. इथे परिच्छेद ३५ ची वाट तशीच्या तशी वापरता येत नाही. उमेदवाराच्या बाबतीत ‘ही भूमिका नको, बाकी धोरणं हवीत’ असं म्हणता येतं. प्रस्तावात ‘बाकी’ काही नसतं, तिथे ‘हो’ म्हणजे त्याच कायद्याला हो. उलट, पूर्ण संरक्षण नसलेला पण हानी कमी करणारा प्रस्ताव असेल तर पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९५ च्या ‘एव्हान्जेलियुम व्हिते’ या परिपत्रकाचा परिच्छेद ७३ उपयोगी पडतो. गर्भपाताला आपला पूर्ण विरोध जाहीर असलेल्या लोकप्रतिनिधीला असा मर्यादा घालणारा कायदा पाठिंब्यालायक मानता येतो, असं तो सांगतो. नेब्रास्कात २०२४ ला दोन परस्परविरोधी प्रस्ताव एकाच मतपत्रिकेवर होते. त्यातला पहिल्या तिमाहीनंतर बंदी घालणारा मंजूर झाला. अशा ठिकाणी मतदाराला हाच परिच्छेद लागतो. पुस्तिका अधुऱ्या सुधारणांबद्दल एक-दोन वाक्यं बोलते, मतदाराच्या हातातल्या ‘हो’ आणि ‘नाही’ या चौकोनांबद्दल जवळजवळ काहीच नाही.

पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चमध्ये, वाटायचं असेल तर मूळ पुस्तिका किंवा आपल्या धर्मप्रांताने मंजूर केलेली पत्रकंच घ्या. उमेदवाराचं नाव घेऊन पाठिंबा देणारा कागद १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीमुळे करमाफ संस्थेसाठी धोक्याचा राहिला आहे. २०२५ मध्ये कर विभागाने प्रार्थनास्थळांबद्दल न्यायालयात नरम भूमिका घेतली, तेव्हाही आपण उमेदवारांना पाठिंबा देणार नाही, असं बिशपांच्या परिषदेने सांगितलं. हा निर्णय योग्यच आहे.

पहिल्यांदा मत देणाऱ्याने प्रस्तावना सोडून थेट पहिला भाग वाचावा. एका बैठकीत होतो. स्थलांतर, आरोग्यसेवा, मृत्युदंड अशा एकेका विषयावरचा दुसरा भाग उमेदवाराचं रेकॉर्ड शेजारी ठेवून वाचावा, नाहीतर ती नुसती यादी वाटते. आणि मत देऊन काम संपत नाही असं मानणाऱ्यांनी पॅरिशमध्ये २०२० ला सुरू झालेल्या ‘वॉकिंग विथ मॉम्स इन नीड’ या उपक्रमाची चौकशी करावी. अडचणीतल्या गर्भवतीला जवळपास कोणती मदत मिळते, याची पाहणी करून यादी बनवण्याचं काम तिथे असतं, आणि त्यासाठी माणसं लागतात.