बंदूक बायबॅक: देशाने केलेला आणि शहराने केलेला, यात फरक काय?

अमेरिकेत एखाद्या शहराच्या कौन्सिलपुढे बंदूक बायबॅकचा, म्हणजे लोकांकडच्या बंदुका मोबदला देऊन जमा करून घेण्याचा, प्रस्ताव आला की चर्चेत ऑस्ट्रेलिया हटकून येतो. तिथल्या सरकारने बंदुका विकत घेतल्या, हत्याकांडं थांबली, मग आपण का नाही? नाव दोन्हीकडे एकच आहे, व्यवहार मात्र निराळा. अमेरिकेत राहणाऱ्या आणि अशा प्रस्तावावर मत किंवा वर्गणी देण्याचा विचार करणाऱ्यांनी दोन्ही व्यवहार शेजारी ठेवून पाहावेत. (आपल्याकडे निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतात आणि आचारसंहिता उठली की परत आणतात. ही प्रथा डोक्यात असेल तर बाजूला ठेवा. बायबॅकमध्ये दिलेली बंदूक परत मिळत नाही.)

आधी बंदी, मग पैसे

२८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांचा जीव घेतला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत केंद्र आणि राज्यांचं एकमत झालं: सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणाऱ्या) रायफली, सेमी-ऑटोमॅटिक आणि पंप-अ‍ॅक्शन शॉटगन सामान्य नागरिकाकडे राहणार नाहीत. मग वर्षभर सरकारने बाजारभावाने त्या विकत घेतल्या. पैसा उभा करायला मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेच्या करात एकदाच ०.२ टक्क्याची वाढ केली. सुमारे साडेसहा लाख बंदुका आल्या, म्हणजे देशातल्या अंदाजे एक पंचमांश. परवाना, नोंदणी आणि बंदूक हवी असण्याचं सबळ कारण या अटीही त्याच करारात होत्या. थोडक्यात, दिलेल्या बंदुकीच्या जागी तशीच दुसरी आणण्याची वाट बंद होती.

न्यूझीलंडने हेच २०१९ मध्ये केलं, आणि त्यातलं कामकाज बारकाईने पाहण्यासारखं आहे. १५ मार्चला क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ जण मारले गेले, एप्रिलमध्ये कायदा झाला, १३ जुलैला बायबॅक सुरू झाला. मालकाने आधी ऑनलाइन कळवायचं, मग नेमल्या दिवशी रेसकोर्स किंवा हॉलवर बंदूक रिकामी करून आणायची. पोलीस ती तपासून छापील दरपत्रकाशी ताडत: नवीकोरी किंवा नव्यासारखी असेल तर मूळ दराच्या ९५ टक्के, वापरलेली ७० टक्के, खराब २५ टक्के. पैसे थेट बँकेत जमा व्हायचे. बंदूक मोडायची नसेल आणि तिच्यात कायद्यात बसेल असा कायमचा बदल करता येत असेल, तर त्या कामासाठी ३०० न्यूझीलंड डॉलरपर्यंत मिळत. पहिल्या दिवशी १६९ जणांनी २२४ बंदुका आणल्या. २० डिसेंबरपर्यंत आकडा ५६,००० च्या आसपास गेला, शिवाय मॅगझिनसारखे १,८०,००० हून अधिक सुटे भाग आले. तरी देशात बंदी घातलेल्या बंदुका मुळात किती होत्या, याचा अंदाज ५६,००० पासून १,७३,००० पर्यंत काहीही होता, कारण नोंदवहीच नव्हती. ती २०२३ मध्ये सुरू झाली. ‘किती टक्के काम झालं’ हे तिथल्या महालेखापरीक्षकांनाही सांगता आलं नाही. क्रम चुकला की असं होतं: नोंदणी आधी हवी.

चर्चच्या पार्किंगमधला बायबॅक

अमेरिकन शहराकडे यातलं काहीच नसतं. बंदी नाही, सक्ती नाही. चर्चच्या पार्किंगसारख्या जागी दोन-तीन तासांचा कार्यक्रम आणि गिफ्ट कार्डांचा गठ्ठा. गाडीतून न उतरता डिकी उघडायची, पोलीस बंदूक उचलतो, रिकामी असल्याची खात्री करतो, शंभर-दोनशे डॉलरचं कार्ड देतो. नाव विचारत नाहीत. कार्डं बहुतेकदा वेळेआधी संपतात. सिअ‍ॅटलला जानेवारी २०१३ मध्ये रांगेतल्या लोकांना रोख देऊन त्यांच्या बंदुका विकत घेणारे खासगी खरेदीदार बाहेर पाट्या घेऊन उभे होते.

गोम भावात आहे. दोनशे डॉलरसाठी चांगलं चालणारं पाचशेचं पिस्तूल कोण देईल? येतात ती आजोबांची गंजलेली रिव्हॉल्वरं आणि माळ्यावरच्या शॉटगन. मिलवॉकीत नव्वदच्या दशकात बायबॅकला आलेल्या आणि खुनात वापरलेल्या बंदुका ताडून पाहिल्या, तर जमा झालेल्या जुन्या आणि लहान कॅलिबरच्या निघाल्या. २०१२ मध्ये शिकागोत बंदूक-समर्थकांच्या एका गटाने भंगारातली हत्यारं जमा केली, सहा हजारांहून जास्त डॉलरची कार्डं घेतली आणि त्यातून मुलांच्या नेमबाजी शिबिरासाठी रायफली आणल्या. २०२२ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या यूटिकात एकाने थ्रीडी प्रिंटरवर बंदुकीचे ६० भाग छापून आणले आणि २१,००० डॉलर नेले. ‘कितीही आणा, काही विचारणार नाही’ या नियमाची ही किंमत.

बॉस्टनने २००६ मध्ये नियम घट्ट केले: २०० डॉलर फक्त हातबंदुकीला (पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर), लांब नळीच्या बंदुकीला काही नाही, आणि शहराचा रहिवासी असल्याचा पुरावा. १,०१९ बंदुका आल्या आणि त्यांत हातबंदुकांचं प्रमाण आधीच्या बायबॅकपेक्षा बरंच जास्त होतं. शहरी बायबॅक करायचाच असेल तर हा नमुना बरा.

मग उपयोग होतो का?

शहरी बायबॅकचं उत्तर सरळ आहे: गुन्ह्यांवर परिणाम दिसत नाही. १९९१ ते २०१५ मधले ३३९ बायबॅक तपासणाऱ्या अभ्यासात बंदुकीचे गुन्हे घटल्याचा पुरावा मिळाला नाही. देशात नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक बंदुका. ऑस्ट्रेलियाइतका वाटा काढायचा तर जवळपास आठ कोटी गोळा कराव्या लागतील. हजारभराने काय हलणार?

ऑस्ट्रेलियाचं उत्तर इतकं सरळ नाही. १९९६ च्या आधीच्या १८ वर्षांत पाच किंवा अधिक बळींची १३ हत्याकांडं झाली, नंतरच्या दोन दशकांत एकही नाही. बंदुकीने होणारे मृत्यूही घटले. पण ते आधीपासून घटत होते, आणि बंदुकीविना होणारे मृत्यूही पुढे कमी झाले. खुनांबाबत संशोधकांचं एकमत नाही. आत्महत्यांबाबतचा पुरावा जास्त भक्कम वाटतो: ज्या राज्यांत दरडोई जास्त बंदुका परत घेतल्या, तिथे बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या जास्त घटल्या. आज तिथे १९९६ पेक्षा जास्त, ४० लाखांच्या आसपास नोंदणीकृत बंदुका आहेत, हेही विसरू नये. बदलला तो बंदुकीचा प्रकार आणि मालक होण्याची अट.

अमेरिकेतही बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. त्यामुळे घरात वृद्ध किंवा खचलेलं माणूस असेल आणि कपाटात नकोशी बंदूक असेल, तर ती देऊन टाकायला बायबॅक ही सोयीची जागा आहे. त्याने शहरातला गोळीबार थांबेल असं मात्र कुणी सांगू नये.

जमा झालेलीचं पुढे

न्यूझीलंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसखाली बंदूक चेपून निकामी करत. लॉस एंजलिसचं शेरीफ खातं जमा आणि जप्त हत्यारं दर वर्षी स्टीलच्या भट्टीत टाकत असे आणि त्यांची बांधकामाची सळई होई. चोरीची निघाली तर मूळ मालकाला, पुराव्याची असेल तर खटल्यासाठी बाजूला. बाकी सगळं भट्टीत.

सगळीकडे असं होत नाही. अमेरिकन कायद्याने ‘बंदूक’ म्हणजे फक्त रिसीव्हर: सिरीयल नंबर असलेला मधला सांगाडा. नळी, दस्ता, चाप, स्प्रिंगा हे सुटे भाग, आणि ते बिनापरवाना विकता येतात. हत्यारं फुकट नष्ट करून देणारी एक खासगी कंपनी तेवढा सांगाडा मोडते आणि उरलेले भाग संच करून विकते, हे २०२३ च्या शेवटी उघड झालं. तोपर्यंत शेकडो पोलीस खाती समजत होती की बंदूक संपली. नवा सांगाडा आणला की त्याच भागांची पुन्हा बंदूक होते.

अ‍ॅरिझोनात तर गोष्ट आणखी उलटी. तिथल्या कायद्यानुसार पोलिसांकडे आलेली बंदूक, बायबॅकमधली असली तरी, परवानाधारक दुकानदारांमार्फत विकावी लागते. टूसॉन शहराने हजारो बंदुका नष्ट केल्या होत्या. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. तेव्हा पैसे मंजूर करण्याआधी पहिला प्रश्न राज्याच्या कायद्याचा.

दुसरा प्रश्न कराराचा. ‘संपूर्ण बंदूक, सर्व भागांसह, वितळवून किंवा श्रेडरमधून’ असं लिहून घ्यावं आणि भट्टीवर पोलिसांचा साक्षीदार ठेवावा. गॅस कटर वापरणार असतील तर बंदुकांचे नियम पाहणाऱ्या अमेरिकी केंद्रीय खात्याचा दंडक असा, की सांगाड्यावर तिरके तीन काप, प्रत्येक कापात किमान पाव इंच धातू जळून गेला पाहिजे. करवतीने केलेला बारीक काप चालत नाही, कारण तो वेल्डिंगने परत जुळतो. आणि हा दंडक फक्त सांगाड्यापुरता आहे. नळी आणि चापाबद्दल करारात काही नसेल, तर दोनशे डॉलरच्या कार्डावर जमा केलेल्या रिव्हॉल्वरची नळी काही आठवड्यांत ऑनलाइन विक्रीला लागू शकते, तीही कायद्याने.