सिग्नल की एलिमेंट?

सांगलीतल्या एका पतसंस्थेचे सचिव अडलेत: कर्मचाऱ्यांच्या निरोपांसाठी सिग्नल आणि एलिमेंट या दोन मेसेजिंग ॲपपैकी काय घ्यावं?

खर्चात सिग्नल सरळ आहे. फुकट, आणि शिकवायला दहा मिनिटं. एलिमेंटही फुकट मिळतं, पण स्वतःचा मॅट्रिक्स सर्व्हर (एलिमेंटचे मेसेज ज्यावरून जातात तो संगणक) ठेवायचा तर भाडं आणि सांभाळणारा माणूस लागतो. (सर्व्हर ऑफिसातच ठेवणार असाल तर तळमजल्यावर नको, 2019चा महापूर आठवा!)

खरा फरक ताब्याचा. सिग्नलचं खातं कर्मचाऱ्याच्या मोबाइल नंबरवर. नोकरी सोडली की त्याला ग्रुपमधून काढता येतं, पण खातं आणि जुने मेसेज त्याच्याच फोनमध्ये राहतात. एलिमेंटला नंबर लागतोच असं नाही, आणि स्वतःच्या सर्व्हरवरचं खातं तुम्हीच बंद करू शकता. मात्र रिकव्हरी की (जुने मेसेज परत उघडणारी गुप्त किल्ली) हरवली आणि दुसऱ्या कुठल्याही फोन-संगणकावर लॉगिन उरलं नसेल, तर जुने मेसेज गेलेच समजा.

दहा-पंधरा जण असतील तर सिग्नल. शाखा अनेक आणि संगणकवाला पगारावर असेल तरच एलिमेंट.