नवा म्हणून बसवलेला रेडिएटरचा पंखा माझाच जुना निघाला

रेडिएटरचा पंखा बदलल्याचे सांगून माझ्याकडून ६,८०० रुपये घेतले गेले. प्रत्यक्षात पंखा बदललाच नव्हता. जुन्याच पंख्याला काळा रंग फवारून तो पुन्हा बसवला होता आणि त्याच्या वायरी अशा जोडल्या होत्या की इंजिनचे कायमचे नुकसान झाले असते. जुनी गाडी वापरणाऱ्यांवर, विशेषतः माझ्यासारख्या निवृत्त माणसांवर, ही वेळ सहज येऊ शकते, म्हणून सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

माझी गाडी १९९९ सालची, पेट्रोलवर चालणारी, लहान आकाराची आहे. पंधरा वर्षे झाल्यापासून दर पाच वर्षांनी संगम पुलाजवळच्या आरटीओमधून फेरनोंदणी करून आणि पर्यावरण कर भरून मी ती रस्त्यावर ठेवली आहे. ती माझ्या पहिल्या मोठ्या बचतीतून घेतली होती आणि अजूनही उत्तम चालते. तिच्या रेडिएटरमागे एकच विजेचा पंखा आहे. कुलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) ठरावीक तापमानाला पोहोचले की रेडिएटरच्या टाकीत बसवलेला थर्मो स्विच तो सुरू करतो. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा पुरेसा असतो. सिग्नलला किंवा घाटात संथ चालताना मात्र इंजिन या पंख्याच्या भरवशावर असते. म्हणूनच मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा जागेवर राहत असेल आणि गर्दीत चढत असेल, तर संशय आधी पंख्यावर घ्यायचा. याउलट गर्दीत ठीक असलेली गाडी वेगात तापत असेल, तर तुंबलेला रेडिएटर, पाण्याचा पंप किंवा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत कुलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) पाहायचा. एवढी एक गोष्ट मला त्या वेळी माहीत असती, तरी पुढचे बरेच टळले असते.

एप्रिलमधल्या एका दुपारी सिंहगड रस्त्यावर राजाराम पुलाच्या अलीकडे वाहनांची रांग अडकली होती. पत्नी म्हणाली, ‘‘अहो, काटा लाल रेषेला टेकलाय.’’ मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. बॉनेट उघडल्यावर पंखा स्थिर दिसला. पाऊण तास थांबून, इंजिन निवल्यावर, जवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी हळूहळू नेली. तिथल्या मिस्त्रींनी पंख्याचे पाते बोटाने फिरवले, ते अगदी मोकळेपणाने फिरले, आणि ते म्हणाले, ‘‘काका, मोटर जळालीय. पूर्ण सेट बदलावा लागेल. या मॉडेलचा माल आता मिळत नाही, ओळखीतून आणतो.’’ त्यांनी फ्यूज पाहिला नाही, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) पाहिला नाही, मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन पाहिला नाही. तपासणी म्हणजे ते एक बोट, एवढेच. मी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. पंखा काळाभोर चमकत होता. डॅशबोर्डखाली एक नवे बटण बसवले होते. मिस्त्रींनी सांगितले की नवा पंखा जास्त ताकदीचा असल्यामुळे तो ‘डायरेक्ट’ केला आहे आणि गाडी सुरू केल्यावर बटण दाबायचे. जुना पंखा मागितला, तर तो भंगारवाल्याने नेल्याचे उत्तर आले. वहीतल्या कागदावर हाताने लिहिलेला हिशेब असा होता: पंखा सेट ४,२००, थर्मो स्विच १,१००, कुलंट ७००, मजुरी ८००. त्यावर दुकानाचे नाव नव्हते, जीएसटी क्रमांक नव्हता, तारीखही नव्हती. पैसे मी ऑनलाइन पाठवले. तेवढी एक नोंद पुढे माझ्या उपयोगाला आली.

नऊ दिवसांनी आम्ही जेजुरीला निघालो. हडपसर, फुरसुंगीपर्यंत काही जाणवले नाही, परंतु दिवे घाटात एका मालट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये चढत असताना काटा पुन्हा वर सरकू लागला. बटण दाबलेले होते आणि पंख्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मी एसी बंद केला, काचा उघडल्या आणि हीटर पूर्ण जोरात लावला, कारण हीटरही इंजिनमधली उष्णता काही प्रमाणात बाहेर काढतो. अशा रीतीने आम्ही कसेबसे माथ्यावर पोहोचलो. तिथून गॅरेजला फोन केला. गाडी न पाहताच उत्तर मिळाले: ‘‘मग हेड गॅस्केट गेलं असणार, काका. हेड उतरवावं लागेल. बावीस हजारांपर्यंत जाईल.’’

त्या उत्तराने मी खरोखर घाबरलो. दोन-तीन दिवस गाडी विकून टाकण्याचा विचार मनात घोळत होता. शेवटी शेजाऱ्यांनी नाना पेठेतल्या, फक्त गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनचा पत्ता दिला. गर्दी टाळण्यासाठी मी सकाळी सातला गाडी त्यांच्याकडे नेली. पुढचा दीड तास मी त्यांच्या शेजारी उभा राहून जे पाहिले, ते कोणत्याही जुन्या गाडीच्या मालकाने एकदा तरी पाहावे असे आहे.

आधी त्यांनी हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलचा, प्रश्न निकाली काढला. ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइलमध्ये दुधाळपणा नव्हता. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत नव्हता. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडून गाडी सुरू केल्यावर पाण्यात बुडबुडे उठत नव्हते. त्यानंतर इंजिन सुरूच ठेवून, पंख्याचे बटण दाबून, त्यांनी वर्तमानपत्राचे एक पान रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर धरले. पंखा रेडिएटरच्या मागे असल्यामुळे तो हवा आत ओढतो आणि कागद जाळीला चिकटून बसायला हवा. तो कागद उडून माझ्या पायाशी पडला. ‘‘साहेब, पंखा उलटा फिरतोय,’’ ते म्हणाले, ‘‘प्लस-मायनस अदलाबदल केलंय.’’ अशा डीसी मोटरला उलट जोडणी दिली की ती उलट फिरते. आवाज तोच येतो, वाराही जाणवतो, परंतु तो इंजिनाकडची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यालाही अडवतो. दिवे घाटात नेमके हेच झाले होते. शिवाय बॅटरीपासून ओढलेल्या त्या नव्या वायरीत कुठेही फ्यूज नव्हता. ती कुठे घासून पत्र्याला टेकली असती, तर बॉनेटखाली आग लागू शकली असती. पैशांच्या नुकसानापेक्षा ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते.

मग त्यांनी पंखा सोडवून बाकड्यावर ठेवला आणि मी तो पहिल्यांदा जवळून पाहिला. काही वर्षांपूर्वी पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाला खालच्या कोपऱ्यात तडा गेला होता आणि तो मी स्वतः घरी एम-सीलने बुजवला होता. त्याच कोपऱ्यात काळ्या रंगाखाली एक उंचवटा दिसत होता. नखाने खरवडले, तेव्हा रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली करड्या रंगाचा, घट्ट झालेला एम-सीलचा पट्टा आला, ज्यावर माझ्याच अंगठ्याचा दाबल्याचा ठसा होता. माझा अंगठा मी त्यावर ठेवून पाहिला. तो बरोबर बसला. मोटरच्या मागच्या बाजूला तर रंग पोहोचलाही नव्हता. तिथली धूळ आणि ऑइलचा थर वर्षानुवर्षांचा होता.

निदान चुकणे मी समजू शकतो. चांगल्या मिस्त्रीचेही चुकते, आणि त्याबद्दल मी कधी कोणाशी वाद घातलेला नाही. परंतु ज्या माणसाने मोटर रंगवून परत बसवली, त्याला ती जळालेली नाही हे माहीत होते. तो रंग फवारला जाण्याआधी चुकीला जागा होती, त्यानंतर नव्हती.

खरा दोष शोधायला इलेक्ट्रिशियनना वीस मिनिटे लागली. पंख्याची मोटर बॅटरीला थेट लावताच जोरात फिरली. म्हणजे मोटर आणि तिचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे ठोकळे) ठीक होते. कार्बन झिजलेली मोटर पुष्कळदा बंद पडते आणि वरून हलकेच ठोकल्यावर फिरू लागते, हेही त्यांनी सांगितले. मूळ वायरिंग पुन्हा जोडून त्यांनी फ्यूज पाहिला आणि हॉर्नचा तसाच रिले काढून पंख्याच्या जागी लावून पाहिला. दोन्ही चांगले होते. थर्मो स्विचचे कनेक्टर काढून त्यातली दोन टोके वायरीच्या तुकड्याने जोडली, तेव्हा पंखा फिरला, पण फारच संथ. मल्टिमीटरवर बॅटरीत १२.५ व्होल्ट होते आणि फिरत्या पंख्याच्या टोकांवर जेमतेम ६.८. पंख्याची जोडणी काढून मोजले, तर तिथेही बारा दिसत होते. खराब सांधा असाच फसवतो. लहानसा टेस्ट लॅम्प त्यातून पेटतो, परंतु मोटरला लागणारे दहा-बारा अँपिअर त्यातून जात नाहीत, म्हणून मोजमाप भार चालू असतानाच घ्यायचे असते.

शेवटी मीटरचे एक टोक मोटरच्या काळ्या वायरीवर आणि दुसरे बॅटरीच्या मायनसवर ठेवले. तिथे जवळपास शून्य दिसायला हवे होते, दिसले पाचच्या वर. दोष अर्थमध्ये, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या जोडणीत होता. बॅटरीच्या ट्रेखाली, चासीला जिथे ती वायर बोल्टने कसलेली असते, तिथे अॅसिडच्या वाफांनी हिरवट-पांढरा गंज साचला होता. बोल्ट सोडला, वायरीच्या टोकाची कडी आणि पत्रा कानशीने व पॉलिश पेपरने चकचकीत केला, बोल्ट पुन्हा कसला आणि वरून व्हॅसलिन लावले. पंखा पूर्ण वेगाने फिरू लागला. या वेळी वर्तमानपत्राचे पान जाळीला चिकटून राहिले. त्यांनी माझ्याकडून ३५० रुपये घेतले.

थर्मो स्विच जुनाच होता. त्यावरच्या मातीच्या थराला कोणी पाना लावल्याची खूणही नव्हती. त्याचे काम ठीक आहे का, हे त्यांनी पातेल्यात पाणी तापवून दाखवले. स्विचवर ९२-८७ असे आकडे कोरलेले असतात, म्हणजे ९२ अंश सेल्सिअसला जोडणी होते आणि ८७ ला तुटते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे असा स्विच घरच्या शेगडीवरही तपासता येतो. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते आणि त्यामुळे आतले पाणी शंभरच्या पुढेही उकळत नाही. म्हणून गरम इंजिनावर ते झाकण उघडणे अतिशय धोक्याचे आहे. तसेच कितीतरी गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो. बॉनेटखाली हात घालण्यापूर्वी कनेक्टर काढून ठेवावे.

आणखी एक गोष्ट निघाली. त्या नऊ दिवसांत सकाळी काटा फार वेळ तळाशीच राहत होता आणि पेट्रोलही जास्त जात होते. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकलेला होता, मला न विचारता आणि न सांगता. गाडी तापण्यावर इलाज म्हणून तो सर्रास काढला जातो. वास्तविक त्याच्याशिवाय इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो. नाना पेठेतच नवा ६५० रुपयांना मिळाला.

मी पंख्याची, एम-सीलच्या पट्ट्याची आणि गंजलेल्या बोल्टची छायाचित्रे घेतली, इलेक्ट्रिशियनकडून तारखेसह पावती आणि दोन ओळींचा लेखी अभिप्राय घेतला आणि त्या गॅरेजला स्पीड पोस्टाने पत्र पाठवले. पत्रात एवढेच लिहिले की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, न बसवलेल्या वस्तूचे पैसे घेतल्याचा पुरावा माझ्याकडे आहे आणि पंधरा दिवसांत रक्कम परत न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते.

आठव्या दिवशी मालकांचा फोन आला. पंख्याचे ४,२०० आणि स्विचचे १,१०० रुपये त्यांनी परत केले. मजुरी आणि कुलंटचे दीड हजार दिले नाहीत आणि व्हॉल्व्ह कुठे गेला याचे उत्तरही मिळाले नाही. पैशांची पावती मात्र या वेळी मी त्यांच्याकडून सही-शिक्क्यासह घेतली.

परवा पुन्हा राजाराम पुलाच्या सिग्नलला दुपारी अडकलो होतो. काटा निम्म्याच्या थोडा वर गेला, पंखा आपणहून सुरू झाला आणि दोन-तीन मिनिटांत थांबला. आवरणाच्या त्या कोपऱ्यावरचा काळा रंग मी पूर्ण खरवडून काढला आहे. एम-सीलचा पट्टा आणि त्यावरचा ठसा आता बॉनेट उघडताच दिसतो आणि गाडी कोणाकडे दुरुस्तीला सोडण्यापूर्वी मी त्याचे एक छायाचित्र काढून ठेवतो.