लेकराचं रविवारचं वर्कशॉप, ५ पैकी ४ स्टार

संभाजीनगरात लेकराला घेऊन गेल्तो, सकाळी चित्रकला अन दुपारी विज्ञान. चित्रकलेच्या सरांनी अजिंठ्याच्या १ नंबर लेणीतल्या पद्मपाणीच्या, म्हंजी हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या, चित्राचा फोटो दाखवला, म्हणले कॉपी मारू नका, आमच्या पोरानं त्याच्या हातात कमळाऐवजी कापसाचं बोंड दिलं, सर लई खूश. दुपारी दोरीला नट बांधून लंबक केला, पोरगं म्हणलं जड नट फास्ट हलतो, मॅडम म्हणल्या मोजून बघ, अन झोके सारखेच निघाले! मग त्यानंच दोरी आखूड करून बघितली. विज्ञानातबी कल्पना चालती पण दोरीनं हो म्हणलं तरच. विज्ञानातलं दुसऱ्यालाबी सापडतं, कॅल्क्युलस (बदल मोजायचं गणित) न्यूटन अन लायबनिझ ह्या दोघा गणितज्ञांनाबी आपापलं सापडलं, बोंडवाला पद्मपाणी मात्र आमच्याच घरी. एक स्टार कापला कारण हॉलमधी दोनच पंखे, त्यातला एक बंद.