दहावीचा इतिहास: गाईड बरं की स्वतःच्या नोट्स?

आपल्या बेळगावकडच्या ज्या पोरांना इतिहास मनापासून आवडतो आणि यंदा कर्नाटक बोर्डाची दहावी आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

गाईडचा उपयोग होतो हे आधीच सांगतो. समाज विज्ञानाचा पेपर 80 मार्कांचा, त्यात इतिहासाबरोबर भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र सगळंच येतंय, त्यामुळं एका वाक्यातल्या उत्तरांसाठी गाईड चाळलं की वेळ वाचतो.

पण कारणं विचारली की गाईडवर अडतं. आपल्या कित्तूरचंच बघा की. राणी चन्नम्मांनी दत्तक घेतलेला मुलगा इंग्रजांनी वारस मानला नाही, 1824 च्या ऑक्टोबरात लढाई झाली, कलेक्टर थॅकरे मारला गेला, मग डिसेंबरात मोठी फौज आली नि किल्ला पडला. आता दत्तक म्हटलं की पोरं लगेच डलहौसीचं नाव ठोकून देतात, पण तो गव्हर्नर जनरल झाला 1848 ला! म्हणजे दत्तक नाकारायची चाल त्याच्या आधीपासनं होती, त्यानं ती धडाक्यात राबवली. वहीत सालं एकाखाली एक लिहिली की हे लगेच डोळ्यात भरतं, सुटी उत्तरं पाठ करून नाही.

नोट्स म्हणजे पुस्तक उतरवून काढणं नव्हे. डावीकडं साल, मधी घटना, उजवीकडं "का झालं" एवढंच. मग पुस्तक मिटून आठवेल तसं लिहायचं, राहिलेलं लाल पेनानं भरायचं आणि आठवड्यानं परत तेच. वेळ जातोय, एका धड्याला एक-दोन संध्याकाळी धराच.

शिवाय आपल्याकडं जागा जवळ आहेत हो! बेळगावच्या टिळकवाडीत 1924 चं काँग्रेस अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव, तिथली अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर बघून या. टिळकांनी 1916 ला होमरूल लीग बेळगावातच काढली. खानापूरकडच्यांना नंदगड जवळ, चन्नम्मांच्या फौजेतल्या संगोळ्ळी रायण्णांना इंग्रजांनी 1831 ला तिथं फाशी दिली. रविवारी जाऊन आलात की ते साल वेगळं पाठ करावं लागत नाही.

परीक्षा महिन्यावर आली असेल तर नवीन नोट्स काढत बसू नका, गाईड नि जुने पेपर घ्या. जूनपासनं वेळ असेल तर माझं मत सरळ नोट्सला, निदान कंपनी सरकार, 1857 आणि स्वातंत्र्यलढा एवढ्या धड्यांच्या तरी काढाच, बाकीच्यांना गाईड चालतंय.