टी-पेशीचे दोन ब्रेक: सीटीएलए-४ आणि पीडी-१

टी-पेशी ही रोगप्रतिकारक पेशी; सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे तिच्या अंगावरचे, तिला आवरणारे रेणू. दोन्ही ब्रेकच, पण एकाऐवजी दुसरा चालेल असं समजलं की फसगत झालीच.

सीटीएलए-४ लागतो सुरुवातीला, लसिका ग्रंथीत. टी-पेशी चेतवायला तिच्यावरच्या सीडी२८ या चालना देणाऱ्या रेणूला दुसऱ्या पेशीवरचा बी७ रेणू हवा असतो. सीटीएलए-४ तो कितीतरी घट्ट पकडतो आणि सीडी२८च्या तोंडचा घास पळवतो. पीडी-१चं काम पुढचं. पेशी ऊतीत लढत असताना पीडी-१ला जुळणारा पीडी-एल१ रेणू भेटला की ती थंडावते. कर्करोगाच्या अनेक गाठी नेमका हाच रेणू अंगावर मिरवतात. लबाडी म्हणतात ती ही!

फरक उंदरांत लख्ख दिसतो. सीटीएलए-४चं जनुक काढलेली पिल्लं तीन-चार आठवड्यांत दगावतात. अवयव उघडून पाहावेत तर टी-पेशींची नुसती गर्दी. पीडी-१ नसलेले उंदीर मात्र कित्येक महिने ठणठणीत, मग वाणानुसार कुणाला ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार, कुणाचं हृदय निकामी.

हे ब्रेक सोडवणाऱ्या कर्करोगावरच्या औषधांतही तेच. सीटीएलए-४ रोखणारं इपिलिमुमॅब अमेरिकेत २०११मध्ये मंजूर झालं, पीडी-१वाली २०१४मध्ये. आतड्याचा दाह पहिल्यात जास्त, थायरॉइडच्या तक्रारी दुसऱ्यांत. या ब्रेकांवरच्या कामासाठी २०१८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल अ‍ॅलिसन (सीटीएलए-४) आणि होंजो (पीडी-१) या संशोधकांना विभागून मिळालं.

नवख्या संशोधकाला मी पीडी-१ सुचवेन. उंदीर निदान प्रयोग संपेपर्यंत जगतात.