लेसिक की पीआरके: कुळागरात वावरणाऱ्याने काय निवडावं

लेसिक आणि पीआरके या लेसरने डोळ्यांचा नंबर घालवायच्या शस्त्रक्रिया. चष्मा काढायचं ठरलं की आधी लेसिकचंच नाव कानावर येतं, आणि त्यात नवल नाही. दुसऱ्या दिवशी लख्ख दिसू लागतं, ठणका जवळपास नसतो. पीआरकेत पहिले तीन-चार दिवस जड जातात आणि नजर पुरती स्थिरावायला आठवडे लागतात. सोय पाहिली तर लेसिकच सरस. मी मात्र पीआरके करून घेतलं, त्यामागे जंतुसंसर्गाचा विचार होता.

संसर्ग दोन्हींत दुर्मीळ, पण तो होतो कुठे, यात मोठा फरक आहे. पीआरकेत बुबुळावरचा सर्वांत वरचा थर काढतात आणि तो पुन्हा भरेपर्यंत वर बँडेज लेन्स बसवतात. म्हणजे ते चार-पाच दिवस उघड्या जखमेचे. शिवाय दुखणं अपेक्षितच असल्यामुळे संसर्गाचा ठणका वेगळा ओळखू येत नाही, तपासणीला जावंच लागतं. पुढे स्टेरॉइडचे थेंब बरेच आठवडे चालतात, त्यांनी डोळ्याची प्रतिकारशक्ती दबते. ही पीआरकेची उणी बाजू, आणि ती लहान नाही.

तरीही इथे झालेला संसर्ग वरवर असतो. पांढरा ठिपका लवकर नजरेत येतो, खरवडून नमुना घेता येतो, औषधाचा थेंब थेट जागेवर पोचतो. लेसिकमध्ये बुबुळाचा पापुद्रा कापून उचलतात, लेसर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. जंतू त्याखाली शिरले तर वरून घातलेलं औषध आत नीट जिरत नाही. मग पापुद्रा पुन्हा उचलून धुवावं लागतं, क्वचित तो काढूनही टाकावा लागतो. पहिल्या पंधरवड्यात स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस असे नेहमीचे जिवाणू आढळतात. त्यानंतर उगवणाऱ्या संसर्गात बुरशी आणि क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले मायकोबॅक्टेरिया असतात. ते चिवट, आणि ओळखायलाही वेळ घेतात.

माझ्यापुरता निर्णय त्या पापुद्र्यानेच केला. तो कडेने धरतो, पण खाली मूळच्या ताकदीने कधीच सांधत नाही. जोराचा मार बसून वर्षांनंतरही तो सरकल्याच्या नोंदी आहेत. गोव्यात फोंड्याकडे आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-मिरवेलीची बागायत, आहे. पोफळीची झावळ, मिरवेलीची फांदी, केळीचं सुकलेलं पान तोंडावर आपटणं हे तिथे रोजचंच, आणि झाडपाल्याच्या इजेतून डोळ्यात बुरशी जाणं हा आपल्या दमट हवेतला ओळखीचा आजार. सरकलेला पापुद्रा आणि त्याखाली कुजक्या पानाची बुरशी, हा विचार माझ्या मनातून हटेना. पीआरकेत पापुद्राच नसल्यामुळे ही धास्ती उरत नाही. त्यापुढे चार दिवसांचा ठणका मला परवडला.

स्माइल या तिसऱ्या लेसर शस्त्रक्रियेतही पापुद्रा नसतो, छेद जेमतेम दोन ते चार मिलिमीटरचा. खर्च झेपत असेल तर जरूर विचारून पाहा, मला त्याचा अनुभव नाही.

पणजी-मडगावला कचेरीत बसून काम करणाऱ्याला कदाचित लेसिकच बरं पडेल. बुबुळाची जाडी आणि नंबर पाहून डॉक्टर जे सांगतील ते माझ्या मतापेक्षा वरचं. पण बागायत, फुटबॉल, मासेमारी, खाणपट्ट्यातली धूळ यांत दिवस जात असेल, तर माझा कौल पीआरकेकडे झुकतो.

काहीही केलंत तरी मुहूर्त पावसाळ्याबाहेरचा धरा. सांजावला, म्हणजे जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाला, विहिरीत उडी, चवथीला गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या माटोळीसाठी रानात फिरणं, हे त्या वर्षी इतरांवर सोपवा. विहिरीच्या, नदीच्या किंवा नळाच्याही पाण्यात अकँथअमीबा हा डोळ्याला संसर्ग करणारा सूक्ष्मजीव असू शकतो, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून आंघोळ नको आणि पोहणं तर नाहीच. पीआरकेनंतर बँडेज लेन्स निघून पडली तर ती धुऊन परत घालू नका. त्याच दिवशी, रविवार असला तरी, डॉक्टरांना फोन करा.